बिल्डिंग दीड मीटर मागे सरकते, ती जागा जाते कुठे?

आमच्या बिल्डिंगचा जिना चढताना हल्ली मी वर बघत नाही. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबचे पोपडे निघालेत, आतल्या सळ्या उघड्या पडल्यात आणि त्यांचा तांबूस भुगा रोज पायऱ्यांवर सांडलेला असतो. झाडायला येणाऱ्या मावशी त्याला "बिल्डिंगचा कोंडा" म्हणतात. बांधकाम १९९३ सालचं. आता पुनर्विकास करायचा म्हणून महिन्याआड मीटिंग भरते, खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून.

अशाच एका मीटिंगमध्ये आर्किटेक्टने नकाशा उलगडला. आमच्या कंपाउंडच्या भिंतीच्या आत एक लाल रेघ मारलेली होती. "हे दीड मीटर रस्तारुंदीत जाणार," एवढं बोलून तो फ्लॅटच्या क्षेत्रफळाकडे वळला. लोकांनी कार्पेट किती, कॉर्पस (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम) किती, भाडं किती महिने देणार, सगळं विचारलं. मी विचारलं, त्या दीड मीटरचं पुढे काय होणार?

"रस्ता होणार की!"

मी रत्नागिरीत रोज सायकल चालवतो, त्यामुळे मला काही ते उत्तर पुरलं नाही. मी इंजिनिअर नाही, वकीलही नाही. पण नंतरचे काही महिने नकाशे आणि नियमांची पुस्तकं चाळली, ओळखीच्या दोन-तीन जाणत्यांना पिडलं आणि एक गोष्ट पक्की डोक्यात बसली. पुनर्विकास आणि सायकल हे आपण दोन वेगळे विषय धरतो. एक बिल्डरचा, दुसरा हौशी लोकांचा. पण दोघांचंही भांडण रस्त्याच्या त्याच कडेच्या पट्टीवर आहे.

आधी बिल्डिंगचं बघू. तीस-पस्तीस वर्षांत इमारत पाडायची वेळ का येते? घाटावरच्या पाहुण्यांना हे खरंच वाटत नाही. आमच्या हवेत मीठ आहे. मिठातलं क्लोराइड काँक्रीटच्या बारीक भेगांतून आत शिरतं, सळीवर जे संरक्षक आवरण असतं ते मोडतं आणि सळी गंजायला लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणजे सळी आतून फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून देते. तेच पोपडे. त्या काळी बांधकामात खाडीची वाळू नीट न धुता वापरली असेल तर मीठ बाहेरून यायचीही गरज नाही, ते पहिल्या दिवसापासून आतच बसलेलं असतं. आमच्या बिल्डिंगची वाळू कुठली, हे सांगायला तेव्हाचा बिल्डर आता गावात नाही. त्यामुळे पुनर्विकास म्हणजे सरसकट हाव, असं मी म्हणणार नाही. आमच्या चौथ्या विंगमधल्या आजींच्या स्वयंपाकघरात पंख्याशेजारचा तुकडा ओट्यावर पडला, तेव्हा आजी नुकत्याच देवपूजेला उठल्या होत्या.

पण पाडून पुन्हा तेवढंच बांधायचं तर पैसे कोण घालणार? राहणाऱ्यांना नवे फ्लॅट फुकट हवे असतात. बिल्डरला विकायला जास्तीचे फ्लॅट हवे असतात. इथे येतो चटईक्षेत्र निर्देशांक, सगळे ज्याला एफएसआय म्हणतात तो. हिशोब सोपा आहे. दहा गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे साधारण १,०१२ चौरस मीटर. एफएसआय १ असेल तर सगळ्या मजल्यांचं मिळून तेवढंच बांधकाम, २ मिळाला तर दुप्पट. हा जास्तीचा एफएसआय काही सरकारला प्रीमियम भरून मिळतो, काही टीडीआर विकत घेऊन. टीडीआर म्हणजे दुसऱ्या कुणाची जागा रस्त्यात किंवा आरक्षणात गेली, त्याबदली त्याला मिळालेला बांधकामाचा हक्क. तो बाजारात विकता येतो.

आता खरी मेख. हा जास्तीचा एफएसआय किती मिळणार, हे प्लॉटसमोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही खास क्षेत्रं सोडून राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, आर्किटेक्ट मंडळी तिला यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यातले तक्ते रस्त्याच्या रुंदीच्या टप्प्यांनी मांडलेत. रस्ता अरुंद तर एफएसआय कमी, रुंद तर जास्त. यामागचा विचार चुकीचा नाही. जास्त माणसं राहणार तर अग्निशमनाची गाडी यायला हवी, पाणी-गटाराच्या लाइनी मावायला हव्यात. पण व्यवहारात काय होतं? रस्ता रुंद व्हावा ही मागणी रस्त्यावर चालणाऱ्यांकडून येतच नाही. ती प्लॉटकडून येते. नकाशावर बारा मीटर लिहून आले की बिल्डिंगचे मजले वाढतात, मग त्या बारा मीटरात प्रत्यक्षात काय आहे याच्याशी कुणाला देणंघेणं राहत नाही.

किनाऱ्यालगत तर रस्त्याचं महत्त्व आणखी वाढतं. १९९१ च्या पहिल्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेपासून आजच्या २०१९ च्या अधिसूचनेपर्यंत, समुद्राजवळच्या बांधकाम झालेल्या शहरी भागाला, म्हणजे सीआरझेड-दोनला, एक नियम कायम आहे: आधीपासून असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामांच्या जमिनीकडच्या बाजूलाच नवीन बांधायचं. म्हणजे बांधकाम कुठवर यायचं हेही रस्ताच ठरवतो. त्यामुळे मांडवी असो की मालवण, "इथे रस्ता पूर्वीपासून होता" हे वाक्य किनाऱ्यावर फार जोरात बोललं जातं.

ही लाल रेघ येते कुठून? डीपीमधून. आमच्याकडे डीपी म्हटलं की आधी विजेचा डीपी आठवतो, पोराटोरांना व्हॉट्सॲपचा. हा तिसरा डीपी म्हणजे विकास आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली नगरपरिषद किंवा महापालिका तो तयार करते. पुढच्या साधारण वीस वर्षांत कुठे शाळा, कुठे बाजार, कुठला रस्ता किती रुंद, हे त्यात रंगांनी दाखवतात. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत लोकांकडून हरकती आणि सूचना मागवतात, त्यावर सुनावणी होते, मग मंजुरी. हरकत घ्यायला बहुतेक तेच जातात ज्यांच्या जमिनीवर आरक्षण पडलंय. आपलं काही जात नसेल तर आपण कशाला जायचं, असा हिशोब असतो. मीही कधी गेलो नव्हतो.

आणि आराखड्यात रस्त्याची रुंदी असते, रस्त्याचा छेद नसतो. छेद म्हणजे केक कापल्यावर आतले थर दिसतात तसा रस्ता आडवा कापून दाखवणं. या कडेला गटार, मग फुटपाथ, मग अमुक, मध्ये गाड्या. आमच्या आर्किटेक्टकडे त्या दीड मीटरचं उत्तर नव्हतं, कारण ते कुठेच काढलेलं नव्हतं.

तुकड्यातुकड्याने रुंद होणारा रस्ता

नव्या वसाहतीत रस्ता एकदम होतो. जुन्या गावात तसं होत नाही. एकेक बिल्डिंग जेव्हा पाडली जाईल, तेव्हा तेवढ्यापुरती मागे सरकते. शेजारची पुढच्या वर्षी, त्याच्या पलीकडची दहा वर्षांनी, आणि कोपऱ्यावरचं भाऊबंदकीतलं घर कधीच नाही. मधल्या काळात रस्ता दात पडलेल्या तोंडासारखा दिसतो. एक आत, एक बाहेर.

आमच्या शेजारची बिल्डिंग चार वर्षांपूर्वी नवी झाली, ती मागे सरकली. एका रविवारी मी टेप घेऊन तिच्यासमोरची पट्टी मोजली. दीड मीटर रुंद, बावीस मीटर लांब. तिच्यात काय काय होतं ते लिहून काढलं: सात स्कूटर, आच्छादन घातलेली एक चारचाकी (ती मावत नाही, अर्धी रस्त्यात), बांधकामातून उरलेली खडी, शहाळ्यांचा ढीग, वीजखांब, जो हलवायचा राहून गेला आणि आता नव्या कंपाउंडपासून हातभर पुढे एकटा उभा आहे, आणि नव्या बिल्डिंगच्या गेटचा उतार. हा उतार मला सगळ्यात जास्त खटकतो. तळमजला पार्किंगसाठी उंच घेतात, मग गाडी वर चढवायला सिमेंटचा रॅम्प करतात आणि त्याचं शेपूट सरळ सार्वजनिक जागेत सोडतात. त्यावरून सायकल नेली की एक पाय आपोआप खाली टेकतो.

ही पट्टी कुणाची, असं विचारलं तर कायद्याने ती रस्त्याची. पण जिचं काम ठरलेलं नाही ती जागा जो पहिला येतो त्याची होते. आणि पहिली येते ती उभी गाडी.

आता कागदावर गंमत करून बघू. बारा मीटरचा रस्ता घ्या. दोन्ही दिशांच्या गाड्यांना तीन-तीन मीटर, झाले सहा. दोन्ही कडांना दीड-दीड मीटर गटारावरचा फुटपाथ, झाले नऊ. उरले तीन. दोन्ही बाजूंना वाटले तर दीड-दीड मीटर. म्हणजे आमच्या लाल रेघेएवढेच! इंडियन रोड्स काँग्रेस (हा पक्ष नव्हे, रस्त्यांची मानकं ठरवणारी १९३४ पासूनची संस्था) सायकलच्या वेगळ्या ट्रॅकला किमान दोन मीटर मागते. तेव्हा दीड मीटरचा झाला तर तो ट्रॅक नाही म्हणता येणार, रंगाने आखलेली पट्टी म्हणावी लागेल. मला ती चालेल. पण त्याच तीन मीटरांत गाड्याही उभ्या राहू शकतात, आणि निवड तिथेच आहे. बारा मीटरात सायकल आणि पार्किंग दोन्ही बसत नाहीत. जो नेता दोन्ही देतो म्हणतो, त्याला टेप द्यावी.

नऊ मीटर किंवा त्याहून अरुंद रस्त्यावर वेगळी पट्टी मागूच नये, असं माझं मत आहे. राम आळीसारख्या जुन्या बाजाराच्या रस्त्यावर ट्रॅक आखणं म्हणजे लग्नाच्या मांडवात बॅडमिंटनचं कोर्ट आखणं. तिथे उपाय एकच, गाड्यांचा वेग कमी. वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते, त्यामुळे ताशी ३० आणि ६० यांच्यातला फरक हाडांना कळतो. बाजारात ताशी २० ने सगळे एकत्र चालले तर सायकलवाल्याला वेगळी जागा लागतच नाही.

मोजणीत कोण येतं

"पण सायकली आहेत कुठे?" हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. तळमजल्यावरचे अण्णा तर मला बघितलं की म्हणतात, "गाडी परवडत नाय की काय रे तुला?"

याला जुना सरकारी आधारही आहे. रोड्स काँग्रेसच्या १९६२ च्या मानकात लिहिलं होतं की तासाला १०० ते २०० मोटारगाड्या जाणाऱ्या रस्त्यावर गर्दीच्या तासाला ४०० सायकली असतील तर वेगळा ट्रॅक द्यावा. मोटारी तासाला २०० च्या वर गेल्या तर १०० सायकलीही पुरेत. त्या काळात हे उदारच होतं, कारण गावंच्या गावं सायकलवर होती. आज हाच निकष लावला तर मारुती मंदिराच्या नाक्यावर मोटारींची अट पाच मिनिटांत पुरी होईल आणि सायकलींची दिवसभरात होणार नाही. पुलाची गरज आहे का हे ठरवायला नदी पोहून जाणाऱ्यांची संख्या मोजावी, तसं हे आहे.

शिवाय मोजतात कधी? ऑफिसच्या वेळी, मुख्य रस्त्यावर. आमच्या आळीत सायकलवरून येणारा पहिला माणूस म्हणजे पाववाला. सकाळी सव्वासहाला त्याचा पोंगा वाजतो. मागे कॅरिअरला बांधलेला पत्र्याचा पेटारा, त्यावर प्लास्टिक, हँडलला बटर-खारीच्या पिशव्या. त्याच्यामागून चिऱ्याच्या कामावर जाणारे मजूर, एका सायकलवर दोघे, डबा दांडीला लटकवलेला. साडेसहाला शिकवणीची मुलं. नऊला मोजणी सुरू होईल तेव्हा हे सगळे आपापल्या जागी पोचलेले असतात. रविवारी हेल्मेट घालून भाट्येच्या पुलावरून जाणारे आम्ही हौशी मात्र फोटोत येतो, आणि मग लोकांना वाटतं सायकल म्हणजे ह्यांचा छंद.

म्हणून कुणी "समुद्रकिनारी सुंदर सायकल ट्रॅक" जाहीर केला की मी फारसा हरखत नाही. समुद्र दिसतो, लोक संध्याकाळी भेळ खात चालतात, छानच. पण पाववाल्याला तिथे जायचंच नसतं. ट्रॅक घरापासून शाळेपर्यंत, बंदरापासून बाजारापर्यंत सलग हवा. मध्येच तुटणारा ट्रॅक सायकलवाल्याला नेमका सगळ्यात वाईट चौकात आणून सोडतो. शिवाय जो कुठेच जात नाही तो काढूनही टाकता येतो. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात बांधलेला ट्रॅक शेवटी गाड्यांची लेन वाढवायला घेतलाच.

चढ आणि पाऊस

कोकणात सायकल चालत नाही, हा दुसरा आक्षेप. यात तथ्य आहे, म्हणून जरा थांबून बघू.

रत्नागिरी दोन पायऱ्यांवर वसलेली आहे. मांडवी, बाजारपेठ खाली. माळनाका, मारुती मंदिर वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. समजा तुम्हाला ५० मीटर उंची चढायची आहे. तुम्ही आणि सायकल मिळून ९० किलो. हा चढ तुम्ही अर्ध्या किलोमीटरात, ताशी सहा किलोमीटरच्या वेगाने चढलात, तर निव्वळ वर उचलायलाच सुमारे १५० वॅट लागतात. सवय नसलेल्या माणसाला तेवढं पाच मिनिटं लावणं म्हणजे दम निघतो. तीच उंची दीड किलोमीटरच्या वळणाच्या रस्त्याने, ताशी दहाच्या वेगाने चढलात तर सुमारे ८० वॅट पुरतात. घाम येतो, पण बोलता येतं. म्हणूनच सायकल ट्रॅकला तीसला एक, म्हणजे तीस मीटरांत एक मीटर, याहून उभा चढ शक्यतो नको असं मानक सांगतं. आपल्या जुन्या पाखाड्या, म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटा, उभ्या आहेत, बैलगाडीचे रस्ते वळणाचे आहेत. बैलांना हे आपल्याआधी कळलेलं होतं.

आणि आता मोटरची सायकल आली आहे. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची वेगमर्यादा असलेल्या हलक्या ई-सायकलला आपल्याकडे नोंदणी किंवा लायसन लागत नाही. वरचा हिशोब डोक्यात ठेवलात तर कळेल, चढावर मागून एक धट्टाकट्टा माणूस ढकलतोय असं ते आहे. चढाचा आक्षेप तिने अर्धा तरी मोडीत काढला.

पाऊस मात्र मोडीत निघत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जुलैत मी स्वतः कित्येकदा रिक्षाने जातो, खोटं कशाला बोलू. पण पावसाने मला जेवढं थांबवलं नाही तेवढं पेव्हर ब्लॉकने पाडलं. सावलीतल्या ब्लॉकवर आषाढात शेवाळ धरतं, हिरवं नाही, काळपट, दिसतसुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वी वळणावर ब्रेक लावला आणि सायकल माझ्याखालून निघूनच गेली. कोपर सोलवटलं, दुधाची पिशवी फुटली. चूक माझीही होती, उशीर झाला म्हणून घाईत होतो. तेव्हापासून सांगतो की आमच्याकडे सायकलची पट्टी डांबराची किंवा खरखरीत काँक्रीटची हवी, दिसायला कितीही साधी असो. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या हव्यात, समांतर असल्या तर चाक त्यात अडकतं. आणि गटार पट्टीच्या खाली नको. कारण गटार साफ करायला लाद्या उचलतात, मग त्या परत बसवतात त्या कुरकुरणाऱ्याच.

हे सगळं शोधून झाल्यावर मी पुढच्या मीटिंगला एक कागद घेऊन गेलो. दोनच मागण्या होत्या. नव्या गेटचा रॅम्प पूर्ण आपल्या हद्दीत संपवायचा, त्यासाठी गेट थोडं आत घ्यावं लागेल. आणि जिन्याखाली सायकलींसाठी लोखंडी स्टँड, नकाशात दाखवलेला. पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते. माझ्या कागदाला सुरुवातीला माझीच होती.

"बिल्डिंगमध्ये सायकली आहेत तरी किती?" सेक्रेटरींनी विचारलं.

मी आदल्या दिवशी मोजल्या होत्या. अकरा. त्यातल्या सहांना हवा नव्हती, एकीवर तुळशीची कुंडी ठेवलेली होती. मी खरा आकडा सांगितला. थोडा हशा झाला. मग तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "आमच्या मुलीची दोन वर्षं अशीच पडून आहे. रस्त्यावर सोडायला धीर होत नाही." अण्णांनी मान वर केली. त्यांची नात तिच्याच वर्गात आहे.

गेट आत घ्यायला आर्किटेक्ट तयार झाला. त्यात एका गाडीची पार्किंगची जागा जाणार होती, त्यावर अर्धा तास वादावादी झाली. स्टँडचं मात्र कुणी काही बोललं नाही, तो नकाशात आला. समोरच्या पट्टीचं पत्र नगररचना विभागाच्या आवक खिडकीत दिलंय, पोच घेतली आहे. त्यावर मी रस्त्याचा छेद स्वतः काढून जोडला आहे, पोराच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन, सेंटिमीटरला एक मीटर.